नवरदेवाचा ॲडमिन

कर्जतला घर असलेल्या माणसाला मित्रांची ददात नसते. पावसाळ्यात धबधब्याला पाणी किती आलंय हे विचारायला फोन येतात, थंडीत वालाच्या शेंगा भरल्या का म्हणून येतात, आणि एरवी कुणाच्या तरी साडूला दोन-चार गुंठे हवे असतात. हे फोन सुटसुटीत. 'हो', 'नाही', 'भाव फार चढलेत' एवढ्यावर भागतं. भागत नाही ते एकाच फोनवर. पलीकडून दबक्या आवाजात पहिलं वाक्य येतं, "अरे, कुणाला बोलू नकोस," आणि मी ओळखतो, की कुणाचं तरी लग्न ठरलंय आणि कुणीतरी ॲडमिन झालाय.

नवरदेव कोण हा मुद्दा इथे गौण. पार्टी त्याची असते एवढंच. त्याला काही विचारायचं नसतं, कारण 'सरप्राइज' असतं. ठिकाण ॲडमिन ठरवतो, तारीख ॲडमिन ठरवतो, आणि नवरदेवाने त्या रात्री किती खूश व्हायचं हेही बहुधा त्यानेच ठरवलेलं असतं. या माणसाला मी बरीच वर्षं जवळून पाहतोय. नाव बदलतं, आडनाव बदलतं, माणूस तोच येतो. वय तीस ते छत्तीस. राहायला डोंबिवली, ठाणे नाहीतर चिंचवड. नोकरी बरी, पण तिथे डोक्यावर तीन साहेब आणि हाताखाली कुणी नाही. दहा-बारा माणसांवर हुकमत गाजवायची संधी त्याला दोनच ठिकाणी मिळते, सोसायटीच्या गणपतीत आणि मित्राच्या लग्नात. त्यातल्या गणपतीत खजिनदार आडवा येतो.

लग्न ठरल्याची बातमी कळल्यावर बाकीचे मित्र 'अभिनंदन' लिहितात, हा ग्रुप काढतो. एक नाही, तीन. पहिल्यात सगळे. दुसऱ्यात नवरदेव सोडून सगळे. तिसऱ्यात नवरदेव आणि त्याचा मामेभाऊ सोडून सगळे, कारण मामेभाऊ सगळं आत्याला जाऊन सांगतो आणि आत्या म्हणजे नवरदेवाची आई. नावं अनुक्रमे 'शेवटची घंटा', 'शेवटची घंटा ओरिजिनल' आणि 'शेवटची घंटा फायनल'. कोणता निरोप कुठे टाकायचा हे ॲडमिनला झोपेतही पाठ असतं, बाकीच्यांना जागेपणीही नसतं. त्यामुळे सरप्राइजची तारीख नवरदेवाला पहिल्याच आठवड्यात कळते, आणि ती कळलीच नाही असा चेहरा करून महिनाभर वावरायची जबाबदारी त्याच्यावर येते. पुढच्या संसारात उपयोगी पडेल असं एवढंच शिक्षण त्याला या प्रकरणात मिळतं.

गेल्या माघात आलेला ॲडमिन हा या जातीचा अस्सल नमुना होता. विमा कंपनीत नोकरी, त्यामुळे जे जे बिघडू शकतं त्याची यादी आधीच तयार. स्वतःचं लग्न झालेलं नाही. ग्रुपातले एकूण बारा, पैकी नऊ जणांची लग्नं होऊन गेलेली, आणि बॅचलर पार्टी झालीच पाहिजे हा आग्रह त्या नऊ जणांचाच. खरे बॅचलर तिघेच: नवरदेव, मामेभाऊ आणि हा.

तारीख काढणं हे लग्नाच्या मुहूर्ताहून कठीण काम. मुहूर्ताला गुरुजी असतात, इथे 'कालनिर्णय' घेऊन ॲडमिनलाच बसावं लागतं. सोमवार एकाचा, गुरुवार दोघांचा, संकष्टी तिघांची. शिवाय ड्राय डे. २६ जानेवारी आणि २ ऑक्टोबर सगळ्यांनाच पाठ असतात, पण निवडणूक लागली की मतदान संपण्याआधीचे ४८ तास दुकानं बंद, हे ॲडमिनला उमेदवारांच्या आधी ठाऊक असतं. सगळं वजा करून एक शनिवार उरला. त्यात एकजण निघाला मारुतीचा शनिवार करणारा.

"पितोस का शनिवारी?"

"पितो. खात नाही."

"मग तुझं जेवण बारानंतर."

आता वार रात्री बाराला बदलतो की सूर्योदयाला, यावर दुसऱ्या ग्रुपवर दीड दिवस चर्चा झाली. सूर्योदयवाले शास्त्राने बरोबर होते, बारावाले संख्येने जास्त. शेवटी ठरलं, की याच्या वाटणीचं सुकं मटण झाकून ठेवायचं आणि बारा वाजून एक मिनिटाने ताटात वाढायचं. मी थट्टा करत नाही, ॲडमिनच्या नियोजनाच्या शीटमध्ये तशी ओळ होती आणि तिच्यासमोर वाढणाऱ्याचं नावही होतं.

ठिकाणाचा प्रवास मात्र सगळ्या ग्रुपांचा एकाच रस्त्याने होतो, लांबून जवळ. २००१ साली 'दिल चाहता है' आला आणि मित्रांनी गोव्याला जायचं असतं हे ठरून गेलं. २०११ मध्ये 'जिंदगी ना मिलेगी दोबारा' आला, आणि लग्नाआधी स्पेनला जाऊन यावं लागतं ही नवीच जबाबदारी मराठी मुलांवर पडली. तेव्हापासून प्रत्येक ग्रुप स्पेनला सुरू होतो. व्हिसा हा शब्द निघाला की थायलंडला येतो, रजेचा विषय निघाला की गोव्याला, आणि "गोवा म्हटलं तर घरून सोडणार नाहीत" असं नऊ जणांनी लिहिलं की अलिबागला. अलिबागला जायला २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यापर्यंत गाडीसकट बोट आहे, त्यामुळे तिथे एक दिवस मुक्काम पडतो. मग शनिवारच्या रात्रीचं बंगल्याचं भाडं कळतं आणि समुद्राची हौस फिटते. त्यानंतर कुणीतरी नुसतं लिहितं, "कर्जत?" आणि सगळे गप्प होतात, कारण कर्जतला न जाण्याचं एकही कारण कुणाला सापडत नाही. सीएसएमटीहून शंभर किलोमीटर, फास्ट लोकलने दोन-सव्वादोन तास, पुण्याकडून आलात तर घाट उतरला की पोचलात. कुणाच्या स्वप्नात नसलेलं आणि सगळ्यांच्या खिशात बसणारं असं आमचं गाव आहे. आम्हाला त्याचा राग नाही.

कर्जत ठरलं तरी कर्जत म्हणजे कुठे हा प्रश्न उरतोच. फार्महाउसच्या जाहिरातीत कर्जत हा तालुका नसतो, तो भाव असतो. कशेळ्याचं फार्महाउस कर्जत, खालापूर तालुक्यातल्या चौकचं 'निअर कर्जत', मोरबे धरणाच्या मागचंही 'निअर कर्जत', आणि मुरबाडची हद्द लागली तरी पाटीवरचं कर्जत काही सुटत नाही. त्यात 'रिव्हर टच' असेल तर भाडं दीडपट. आमच्या उल्हासला भर उन्हाळ्यातही पाणी दिसतं ते भिवपुरीच्या टाटांच्या वीजघरामुळे. १९२२ पासून ते वीज करून झालेलं पाणी खाली सोडतंय. हे मी ॲडमिनला सहज सांगितलं आणि पस्तावलो. दुसऱ्या दिवशी फोन: "शनिवारी पाणी किती वाजता सोडतात? लेखी मिळेल का?"

लेखी मिळेना, म्हणून रिव्हर टच बाद झालं. धबधबा बादच होता. माघात त्याला पाणी नसतं, आणि असतं तेव्हा जाऊ देत नाहीत. दर पावसाळ्यात कर्जत आणि खालापूर, दोन्ही तालुक्यांतले धबधबे आणि धरणं पर्यटकांना बंद करायचा हुकूम निघतो. पूर्वी तो कलम १४४ खाली निघायचा, जुलै २०२४ पासून १६३ खाली निघतो. दरवर्षी कुणीतरी बुडतं, म्हणून तो काढावा लागतो. ॲडमिनला कलमाचा बदललेला आकडा माहीत होता. असल्या माणसाबद्दल मला नाही म्हटलं तरी आदर वाटतो.

शेवटी पारडं खालापूरच्या बाजूला झुकलं ते महडच्या वरदविनायकामुळे. घरी काय सांगायचं हा बॅचलर पार्टीतला सर्वांत जुना प्रश्न, आणि त्यावर खालापूर तालुक्याइतका सोयीचा तालुका महाराष्ट्रात दुसरा नसेल. अष्टविनायकांपैकी एक इथे आहे आणि फार्महाउसं त्याच्या आसपास आहेत. "शनिवारी महडला दर्शनाला चाललोय, मुक्काम करून येतो." यात खोटं काय आहे? नऊच्या नऊ घरांतून परवानगी आली. फक्त नवरदेवाच्या आईने ॲडमिनला फोन करून सांगितलं, "जाताच आहात तर लग्नाची पहिली पत्रिका देवापुढे ठेवून या. आणि ठेवताना मला व्हिडिओ कॉल करा." ॲडमिनने त्याच रात्री शीटमध्ये रविवारी सकाळची एक ओळ वाढवली: साडेसात, आंघोळ. आठ, बडीशेप. साडेआठ, दर्शन.

ही शीट मी पाहिली आहे. सात पानं होती. एक पान 'कॉन्ट्री'चं. बाराजणांचा खर्च, पण नवरदेवाने द्यायचं नसतं, म्हणून भागिले अकरा. शनिवारवाल्याला पोपटी नाही, म्हणून त्याची वजावट. मामेभाऊ तेविसाचा, त्याचं गणित वेगळं, आणि ते का वेगळं हे सांगायलाच हवं. १९४९ सालचा दारूबंदी कायदा आपल्याकडे अजून आहे. त्याप्रमाणे प्यायला परवाना लागतो, आणि व्हिस्की-रम प्यायची तर वय पंचवीस पूर्ण लागतं. बिअरला एकवीस. दुकानात एका दिवसाचा पाच रुपयांचा परवाना मिळतो हे बहुतेक पिणाऱ्यांच्या गावीही नसतं. ॲडमिनने सगळ्यांचे परवाने काढले. पिशवीत बाटल्यांच्या आधी परवाने घातले. मामेभावाच्या नावापुढे 'फक्त बिअर' असा शेरा मारला आणि तो तिन्ही ग्रुपवर टाकला. ज्या तिसऱ्या ग्रुपात मामेभाऊ नव्हताच, त्यातही.

फार्महाउसवाल्याने विचारलं, "फॅमिली आहे ना? नुसत्या बॉइजना देत नाही." ॲडमिन म्हणाला, "फॅमिलीच आहे. मामेभाऊ आहे, साडू आहेत, होणारे जावई आहेत." यातला शब्द न् शब्द खरा होता. डिपॉझिट घेऊन गडी गप्प बसला. फोटोतला स्विमिंग पूल आणि खरा स्विमिंग पूल यांबद्दल मी काही बोलणार नाही. तो फोटो काढणाऱ्याच्या हातात कला आहे.

तर तो शनिवार. पुण्याची मंडळी गाडीने चौकला, बाकीचे लोकलने कर्जतला, आणि ॲडमिन फलाटावर सगळ्यांच्या आधी. पाठीवर सॅक. तिच्यात एक्स्टेन्शन बोर्ड, मच्छर अगरबत्ती, ओआरएसची पाकिटं, बाटल्यांचं ओपनर दोन नग, दोरी, सुई-दोरा, आणि नवरदेवाच्या आईने दिलेली पत्रिका प्लॅस्टिकच्या पिशवीत. वडे खायचं शीटमध्ये होतंच. दिवाडकरांचे, प्रत्येकी दोन. ते खाताना समोर एक पुण्याची गाडी थांबली होती आणि मागून इंजिनं जोडली जात होती. भोर घाटाचा चढ सदतिसाला एक. १८६३ पासून गाड्या तो चढतायत, आणि चढताना अनेक गाड्यांना कर्जतला मागून दोन-तीन इंजिनं लागतात. ती लोणावळ्यापर्यंत ढकलतात, तिथे सुटतात आणि रिकामी परत कर्जतला येतात, पुढची गाडी ढकलायला. पुढे गेलेल्या गाडीतल्या माणसांना मागे कोण होतं हे ठाऊकही नसतं. मी ॲडमिनकडे पाहिलं. या ग्रुपातल्या नऊही जणांच्या पार्ट्या यानेच केल्या होत्या. तो वड्याचे कागद गोळा करून कचऱ्याचा डबा शोधत होता.

इको करून फार्महाउसवर पोचलो. 'पोचलो' म्हणतोय, कारण मला 'लोकल को-ऑर्डिनेटर' हे पद देण्यात आलं होतं. माझं काम एकच, पोपटीची व्यवस्था. आता पोपटी हा प्रकार ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी जरा थांबावं लागेल. पाहिलेल्यांनी वास आठवून घ्यावा.

थंडीत वालाच्या शेंगा भरतात. मडकं घ्यायचं, तळाला भांबुर्ड्याचा पाला दाबून बसवायचा. हा पाला शेताच्या बांधावर कुठेही उगवतो, एरवी त्याला कुणी विचारत नाही. त्यावर शेंगा, त्यावर मीठ-ओवा, मग मसाला लावलेली कोंबडी, बटाटे, अंडी, पुन्हा शेंगा, वरून पाल्याचं बूच. पाण्याचा थेंब नाही, तेलाचा थेंब नाही. मडकं तोंड खाली करून ठेवायचं आणि चहूबाजूंनी पेंढा, गोवऱ्या, काटक्या रचून पेटवायचं. अर्धा तास, कधी थोडं जास्त. फार्महाउसचे केअरटेकर काका शेजारच्याच वाडीतले. त्यांनी हे सगळं गप्पा मारत केलं. ॲडमिनने मोबाइलवर वेळ लावली होती. त्याने तीन व्हिडिओ पाहिले होते, आणि तीन व्हिडिओंत तीन वेगवेगळ्या वेळा होत्या.

"काका, किती मिनिटं?"

"झाली की कळंल."

"पण साधारण?"

काकांनी उत्तर दिलं नाही. जाळ खाली बसला तसं त्यांनी ओंजळीत पाणी घेतलं आणि मडक्यावर शिंपडलं. चर्रर्र झालं आणि पाणी जागच्या जागी उडून गेलं. "झाली," म्हणाले. ॲडमिनच्या मोबाइलमध्ये अजून सात मिनिटं होती. त्याने ती तशीच चालू ठेवली. मडकं उघडल्यावर पाल्याची जी वाफ सुटली तिच्यात बाराच्या बाराजण वाकून उभे होते, शनिवारवालाही. त्याने नुसता वास घेतला. वासाला वार नसतो असं त्याने स्वतःच ठरवलं.

सव्वाआठला 'वराचं मनोगत' होतं. त्याआधी एक दृक्श्राव्य कार्यक्रम, नवरदेवाचे शाळेपासूनचे फोटो. प्रोजेक्टर पुण्याहून आणला होता, पडदा म्हणून चादर, त्यासाठीच ती दोरी. चादर बांधून झाली, खुर्च्या मांडून झाल्या, लाइट बंद झाले आणि कुणीतरी म्हणालं, "नवरा कुठाय?"

नवरा नव्हता. पूलमध्ये नव्हता, खोल्यांत नव्हता. ॲडमिनने तिन्ही ग्रुपवर 'लोकेशन पाठव' टाकलं. दोन ग्रुपांत तो नव्हताच. केअरटेकर काकाही दिसेनात. मावशी भाकऱ्या थापत होत्या, त्यांनी पिठाचा हात तसाच पश्चिमेकडे केला. "हळदीला गेलं त्येंच्यासंग."

तेव्हा आम्हाला ऐकू आलं. पलीकडच्या गावात हळद होती आणि बेंजो वाजत होता.

आमच्याकडची हळद म्हणजे काय हे बॅचलर पार्टीच्या लोकांना कुणीतरी एकदा नीट सांगायला हवं. रायगड-ठाण्याच्या आगरी गावांत लग्नाला एखादवेळ लोक कमी येतील, हळदीला येणार नाहीत असं होत नाही. मांडवात धवलारीण धवला म्हणते. पूर्वी लग्न लावण्याचा मान तिचाच, भटजी नंतर आला. बाहेर नाच आणि पंगती. वेशीवर फ्लेक्स, त्यावर 'शुभेच्छुक' म्हणून जितके चेहरे असतात तितके आमच्या तिन्ही ग्रुपांत मिळून सदस्य नव्हते. या हौसेपायी जमिनीचे तुकडे विकलेली घरं शोधायला लांब जावं लागत नाही, म्हणून बऱ्याच गावांनी आता हळदीतला डीजे आणि दारू बंद करायचे ठराव केलेत. बरं केलं. या गावातही ठराव झालेला होता, म्हणूनच बेंजो होता. आणि माझं खासगी मत विचाराल तर बेंजोवर जे पाय उचलतात ते डीजेवर उचलत नाहीत. डीजेवर फक्त छाती हलते.

ॲडमिन आणि मी बॅटरी घेऊन शेताच्या बांधावरून गेलो. मांडवाबाहेर पन्नासएक माणसं नाचत होती आणि मधोमध आमचा नवरदेव. गालाला दुसऱ्याच नवऱ्याची हळद लागलेली. ज्याची हळद होती तो पाटावर बसून याच्याकडे कौतुकाने बघत होता. काकांनी मांडवात शिरताना एवढंच सांगितलं होतं, "याचंबी पुढल्या आठवड्यात हाय." तेवढी ओळख पुरली. महिनाभर सरप्राइजचा चेहरा सांभाळणारा हा मुलगा इतका मोकळा हसताना मी पहिल्यांदाच पाहत होतो.

ॲडमिन त्याला ओढून आणायला पुढे झाला, तेवढ्यात एका काकांनी त्याचा हात धरला. "जेवला का?" नवऱ्याचे चुलते असावेत. ॲडमिन म्हणाला, "नाही, आमचं तिकडे..." पुढचं वाक्य कुणी ऐकलं नाही. दोन मिनिटांत आम्ही पंगतीत होतो, पुढ्यात तांदळाची भाकरी आणि रस्सा. ॲडमिन जेवत होता, पण त्याचं लक्ष पंगतीवर होतं. वाढपी कोण, भात कुठून येतोय, पाणी कोण बघतंय. शेवटी त्याला राहवेना.

"काका, किती माणसांचा अंदाज धरलाय?"

"येतील तेवढी."

"नाही, पण आकडा?"

"आकडा कशाला? आलं का जेवतील."

"मग हे सगळं बघतं कोण?"

चुलते जरा गोंधळले. त्यांनी मांडवाकडे हात केला. तिकडे एक म्हातारा पत्रावळ्यांच्या गठ्ठ्यावर बसला होता, दोन पोरं बर्फाची लादी फोडत होती, एक बाई कुणाला तरी मिठासाठी शिव्या घालत होती. "हीच की सगळी," ते म्हणाले, "भावकी हाय." ॲडमिन बराच वेळ त्या बाईकडे बघत राहिला. सात पानांची शीट त्याच्या खिशात होती.

मग तो नवरदेवाला न्यायला उठला आणि पुढची वीस मिनिटं परत आला नाही. मी जाऊन पाहिलं. नाचत नव्हता. पंगतीच्या दुसऱ्या फेरीला भाकऱ्या वाढत होता. एका टोकाला भाकरी कमी पडत होती म्हणे, आणि ते त्याच्याच्याने बघवलं नाही.

फार्महाउसवर परतलो तेव्हा पावणेदहा झाले होते. चादरीवर नवरदेवाचे शाळेतले फोटो चालू होते आणि समोर मामेभाऊ एकटा बसून ते पाहत होता, हातात बिअर. मनोगत राहिलं ते राहिलंच. स्पीकर दहाला बंद करावा लागतो, तो ॲडमिनने नऊ अठ्ठावन्नला स्वतः बंद केला. मग पोरं पायरीवर बसून जुन्या गोष्टी काढत राहिली. त्या कोणत्याच पानावर नव्हत्या. नवरदेव बराच वेळ ॲडमिनच्या खांद्याला टेकून बसला होता. बायको आली की याचे दोनदोनदा फोन घेणं जमणार नाही, हे दोघांनाही माहीत असावं. शनिवारवाल्याचं ताट बारा वाजून एक मिनिटाने ॲडमिननेच वाढलं. नेमून दिलेला माणूस झोपला होता.

हिशेब त्याने रात्री दोनला संपवला. सातशे-आठशे रुपये जुळत नव्हते. असे प्रत्येक पार्टीत राहतातच. ते तो स्वतःच्या खिशातून घालतो आणि कुणाला सांगत नाही. मला कळलं ते मी लोकल को-ऑर्डिनेटर होतो म्हणून.

सकाळी साडेआठला महड. काहीजण आंघोळीच्या ओळीपाशीच अडकले होते, तरी बाराही डोकी गाडीत बसवली गेली. वरदविनायकाच्या गाभाऱ्यात भक्ताला आत जाऊन स्वतः पूजा करता येते, आणि तिथला नंदादीप १८९२ पासून तेवता आहे असं सांगतात. नवरदेव पत्रिका घेऊन आत गेला. कानामागे पिवळं राहिलं होतं. दर्शन झाल्यावर ॲडमिनने बाहेर येऊन व्हिडिओ कॉल लावला आणि कॅमेरा शिताफीने फक्त ताठ उभ्या असलेल्या तिघांवर फिरवला.

काकूंनी नीट पाहिलं. मग म्हणाल्या, "त्याच्या कानाला हळद कसली रे? आपली तर अजून लागायचीय."

कुणी बोलेना. मामेभावाने तोंड उघडलं, ॲडमिनने त्याच्या पायावर पाय दिला. "प्रसादाची, काकू. देवळातली."

"असू दे, असू दे." काकू गालातल्या गालात हसल्या. मामेभावाने काय काय सांगून ठेवलं होतं कोण जाणे. "हे बघ, तुझं नियोजन चांगलं असतं म्हणतात. वऱ्हाडाच्या दोन बसेस आहेत, आमच्याकडे कुणाला काही सुधरत नाहीये. तू बघशील का?"

ॲडमिनने देवळाच्या ओट्यावर बसकण मारली, मोबाइल काढला आणि नवी शीट उघडली.

"सांगा काकू. माणसं किती? आणि त्यातले शनिवार करणारे कोण कोण?"

"अरे, लग्न बुधवारी आहे."

"तरी सांगून ठेवा."